नऊ मोरांचा ओटा

रुपरावला जमिनीच्या आतलं दिसतं, असं साइटवरची माणसं म्हणायची. दिसत-बिसत काही नव्हतं. पस्तीस वर्षं ज्यानं नागपूरच्या रस्त्यांची पोटं फाडली, त्याला पाण्याची लाइन कुठं, टेलिफोनची कुठं आणि अकरा हजार व्होल्टची केबल कुठं, हे पाठ असणारच. पण लोकांना चमत्कार आवडतो, आणि रुपरावलाही तो मिरवायला वाईट वाटत नसे. साठी गाठली तरी त्याला काम मिळत होतं ते या ख्यातीवरच.

हे शेवटचं काम त्याला मिळवून दिलं होतं भैरवीनं. भैरवी ही शेजारच्या पुष्पलताची मुलगी. पंचवीस वर्षांची, डिप्लोमा करून एका खासगी कंपनीत साइट इंजिनियर झालेली. तिच्या हाताखाली एक सक्शन गाडी होती. ट्रकवर पाण्याची टाकी, दणदण करणारा पंप आणि मांडीएवढा जाड पाइप. एकानं नोझल धरून जोराच्या पाण्यानं माती फोडायची, दुसऱ्यानं जाड पाइपानं तो चिखल ओढून टाकीत घ्यायचा. सब्बल, म्हणजे पहार, नाही, टिकास नाही, जेसीबीचा दात नाही. पाण्याचा जोर बेताचा ठेवला की माती सुटते आणि केबलला ओरखडाही येत नाही. खड्डा असा स्वच्छ निघतो की खालची केबल नुकतीच आंघोळ करून बसल्यासारखी दिसते.

भैरवीचा त्या गाडीवर फार जीव होता, आणि त्याचं कारण नागपूरच्या कडेला, बेशातल्या त्यांच्या गल्लीला माहीत होतं. अठरा वर्षांपूर्वी तिचा बाप धर्मेंद्र धरमपेठेत नळाच्या लाइनसाठी खोदत असताना त्याची सब्बल केबलमध्ये घुसली आणि तो जागच्या जागी गेला. भैरवी तेव्हा सात वर्षांची होती.

"काका, तवा ही गाडी असती ना, त बाबा वाचले असते," ती एकदा गाडीच्या टाकीवर हात ठेवून म्हणाली होती.

"हाव ना वं पोरी," रुपराव म्हणाला आणि चहा आणतो म्हणून तिथून सटकला.

तो का सटकला, ते आताच सांगून टाकलेलं बरं. रुपरावनं ते अठरा वर्षं पोटात ठेवलं आणि त्यात कोणाचंच भलं झालं नाही.

केबल पुरताना तिच्यावर वाळू टाकतात, वाळूवर आडव्या विटांची रांग लावतात आणि मग माती. वीट काही सब्बल अडवत नाही. वीट फक्त सांगते की बाबा, इथं थांब. खोदणाऱ्यांच्या टोळीत पहिल्या दिवशी पहिला धडा हाच असतो: वीट लागली की सब्बल बाजूला ठेवायची आणि हातानं माती काढायची. आणि त्याचाच दुसरा अर्थ, वीट नाही लागली तर खाली काही नाही, बिनधास्त मार. कोणाच्या नकाशावर कोणाचा भरवसा नव्हता, ठेकेदारावर तर नव्हताच. भरवसा होता तो एका विटेवर.

वीस वर्षांपूर्वी धरमपेठेच्या त्याच कोपऱ्यावर, औषधाच्या दुकानासमोर, केबल जळून फुंकली गेली. टोळीनं खड्डा केला, विटा काढून ठेवल्या, जॉइंट मारणारा आपलं काम करून गेला. खड्डा बुजवायला मागं राहिला रुपराव. त्याच महिन्यात त्यानं बेशाच्या आपल्या घरापुढे ओटा बांधायला घेतला होता आणि पुढच्या काठाला विटा कमी पडत होत्या. या विटा पाहून त्याचे हात शिवशिवले. पक्क्या भाजलेल्या, वाजवल्या तर खणखण बोलणाऱ्या, आणि प्रत्येकीवर भट्टीचा छाप: पिसारा मिटलेला मोर. त्यानं नऊ विटा पोत्यात घातल्या, पोतं सायकलच्या कॅरिअरला बांधलं आणि उघड्या केबलवर वाळू आणि माती लोटून दिली. 'नऊ विटांनी काय होतं' असं तो मनाशी म्हणाला. अशा वेळी माणूस मनाशी जे म्हणतो, ते तो मोठ्यानं कधी म्हणून पाहत नाही.

ओट्याच्या काठाला नऊ मोर बसले, छाप वर करून, कारण बायकोला, सुभद्राला, ते आवडले. ओटा रुपरावचा, पण बसायची सगळी गल्ली. शेजारचा धर्मेंद्र तर रोज संध्याकाळी पोरीला मांडीवर घेऊन तिथंच. भैरवीला आकडे त्यानं त्या ओट्यावर शिकवले. तिचं इवलंसं बोट धरून एकेका विटेवर ठेवायचा. एक मोर, दोन मोर, असं करत नऊ मोर. मग डोळे मोठे करून विचारायचा, "दहावा कुठी गेला?" आणि पोरगी टाळ्या वाजवून ओरडायची, "उडून गेला!"

धर्मेंद्रला खोदाईच्या कामावर लावलं ते रुपरावनंच. तो केबलच्या टोळीतला नव्हता, पाण्याच्या लाइनवर होता, पण विटेचा धडा त्याला रुपरावनंच दिला होता. त्या दिवशी रुपराव दहा पावलांवर हातात चहाचा ग्लास घेऊन उभा होता. धर्मेंद्र नेमका त्या कोपऱ्यावर खोदतोय हे त्याला दिसत होतं, पण ते त्याच्या डोक्यापर्यंत पोचेस्तोवर आवाज झाला होता.

चौकशीला साहेब आले. त्यांनी एकच प्रश्न विचारला: वर विटा होत्या का? खाई त्याला खवखवे. पण रुपरावची जीभ सरळ चालली. "होत्या साहेब. त्यानंच उचकून बाजूले फेकल्या. मी नको म्हनत होतो." फेकलेल्या विटा कुठं आहेत हे साहेबांनी विचारलं नाही. जळका तुकडा कापून नवा जॉइंट मारला, गर्दी हटवायची घाई होती, आणि खड्डा बुजवायला पुन्हा रुपरावलाच सांगितलं. या खेपेला तर ठेवायला विटाच नव्हत्या. कागदावर लिहिलं गेलं की मजुराचा स्वतःचा निष्काळजीपणा.

कागद फायलीत गेला, पण ते वाक्य पुष्पलताच्या घरात राहायला आलं. तिनं धर्मेंद्रसाठी पंधरा दिवस रडून घेतलं आणि नंतर त्याला शिव्या द्यायला सुरुवात केली. विटा दिसत असून मारली सब्बल! पोरीचं तोंड नाही आठवलं! लोकांच्या घरची धुणीभांडी करून तिनं भैरवीला शिकवलं, आणि प्रत्येक भांड्याबरोबर एकेक शिवी मेलेल्या नवऱ्याला दिली. पितृपक्षात ती सासू-सासऱ्यांचं पान ठेवायची, पण नवऱ्याचं कधीच नाही. कोणी म्हटलंच तर म्हणायची, "ज्यानं जिवंतपनी आमचा विचार नाही केला, त्याले मेल्यावर मी काहून जेवू घालू?"

आणि याच पुष्पलतानं, चार वर्षांपूर्वी सुभद्रा गेल्यापासून, रुपरावकडे रोज सांजेला भाजीची वाटी पाठवली होती. रुपराव ती खायचा. खाल्ल्याशिवाय करणार काय?

* * *

पितृपक्षातला पाचवा दिवस होता. ऊन चिकट झालं होतं. सकाळी गाडीत बसताना भैरवी म्हणाली, "काका, आज धरमपेठ. औषधाच्या दुकानासमोरचा कोपरा."

रुपरावनं नुसती मान हलवली.

"मीच मांगून घेतला तो पॉइंट," भैरवी पुढे म्हणाली. "सांडपान्याची नवी लाइन तिथूनच जाऊन राहिली. माहा बाप जिथं गेला तिथं दुसरं कोनी नाही जाऊ द्याचं. अन् एकदा डोळ्यानं पाहाचं हाय मले, कशा होत्या त्या विटा. कशा दिसत होत्या की त्यायले दिसूनही दिसल्या नाही."

रुपराव खिडकीबाहेर पाहत राहिला. वाटभर त्याच्या डोक्यात एकच चक्र फिरत होतं. पाणी म्हणजे काही सब्बल नव्हे. सब्बलीनं खोदलं की सगळं उलथंपालथं होतं, वीट होती की नव्हती कोण सांगणार? पाणी मात्र एक एक थर उघडून दाखवतं. दोन्ही बाजूंना रांग आणि मधे साफ रिकामं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. आणि त्या रांगेतल्या प्रत्येक विटेवर मोर होता. धर्मेंद्रनं विटा उचकल्या म्हणावं, तर त्या बेशाच्या ओट्यात कशा? आणि पोरगी बापाच्या मांडीवर बसून त्याच विटा मोजत होती.

कोपऱ्यावर पोचले तेव्हा जेसीबी आधीच उभा होता. त्यावरचा सुशील, तिशीतला, तोंडाळ पण मनानं बरा गडी, पाय लोंबकळत सोडून बसला होता.

"आले आमचे जमिनीतले महाराज!" तो ओरडला. "बोला काका, कुठी हाय केबल? लवकर बोला, माही गाडी उन्हात तापून राहिली."

केबल शोधायचं लोकेटर लावून पाहिलं. शेजारी ट्रान्सफॉर्मर, जवळून चार केबली गेलेल्या, त्यामुळे यंत्र नुसतं किंचाळत होतं, नेमकं काही सांगत नव्हतं. सगळे रुपरावकडे पाहू लागले. भैरवीनं चुन्याची पिशवी त्याच्या हातात दिली.

औषधाच्या दुकानापासून सात पावलं. ती जागा झोपेतही त्याला सापडली असती. तो चालला. एक, दोन, तीन. तिसऱ्या पावलावर थांबला, वाकला आणि तिथंच चुन्याची फुली मारली.

"इथं?" भैरवीनं विचारलं.

"इथंच."

त्यानं स्वतःची समजूत घालून ठेवली होती. इथं काहीच निघणार नाही. मग म्हणायचं, मागं केबली बदलल्या तेव्हा इथली काढली असेल. जेसीबी चालायला लागला की आपण पुढे उभं राहायचं आणि सुशीलला हळूच सांगायचं, जरा डावीकडून घे. कोणाला काही व्हायचं नाही. झाकली मूठ झाकलेली राहील. नऊ विटा नेतानाही त्यानं अशीच समजूत घातली होती, हे त्याला त्या वेळी आठवलं नाही.

पंप सुरू झाला. रुपरावनं रबरी बूट-हातमोजे चढवले आणि नोझल धरलं. पाण्यानं आधी डांबराखालची खडी उडवली, मग काळी माती फुगून सुटायला लागली. जाड पाइप ती गटागटा गिळत होता. चार फुटांवर पिवळा मुरूम लागला. पाच फूट. सहा फूट. वाळू नाही, वीट नाही, केबल नाही.

"काढली असंन मागं," रुपराव नोझल बंद करत म्हणाला. आवाज शक्य तितका साधा ठेवला त्यानं. "साफ हाय जागा."

भैरवी खड्ड्यात वाकून बराच वेळ पाहत होती. तिचा चेहरा उतरला होता. जे पाहायला आली होती ते काढून नेलेलं होतं, एवढंच तिला समजलं. तिनं कागदावर लिहिलं, जागा मोकळी, आणि सही केली. तिचा रुपरावकाकावर विश्वास होता.

"घ्या काका, चहा घ्या," ती म्हणाली, "थकले दिसता."

टपरीवाल्यानं ग्लास दिला. रुपरावनं पहिला घोट घेतला आणि मान वळवली. जेसीबी सुरू व्हायला वेळ होता असं तो धरून चालला होता. पण फुटपाथच्या कडेचा एक दगड बकेटच्या आड येत होता, म्हणून सुशील खाली उतरला होता. दगड त्यानं बाजूला लोटला होता आणि आता त्याखालची जागा ढिली करायला सब्बल उचलली होती. औषधाच्या दुकानापासून सात पावलांवर. रुपराव दहा पावलांवर. हातात चहाचा ग्लास.

या वेळी मात्र डोक्यापर्यंत पोचलं. ग्लास कुठं पडला त्याला कळलं नाही.

"थांब बे! नको मारू!" तो ओरडत धावला. "तिथं विटा नाही! विटा नाही तिथं!"

सुशीलची सब्बल हवेतच राहिली. "आता हे काय काका? विटा नाही त खाली काही नाही. तुम्हीच शिकवता ना."

"केबल हाय खाली." रुपरावला धाप लागली होती. त्यानं सुशीलच्या हातातून सब्बल ओढून घेतली. "चालू केबल हाय. विटा नाही वरतं."

सुशीलनं एकदा खालच्या मातीकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या हातांकडे, आणि मग मुकाट्यानं जाऊन फुटपाथवर बसला. त्याची बडबड गेली ती दिवसभर परत आली नाही.

भैरवी हळूहळू चालत जवळ आली. तिच्या हातात तो सहीचा कागद होता.

"काका, केबल इथं हाय हे तुमाले आता आठवलं, चाला, होते असं," ती म्हणाली. "पन तिच्यावर विटा नाही, हे कसं माहीत तुमाले? बाबानं काढून फेकल्या असतील त मंग तुम्ही बुजवताना काहून नाही लावल्या?"

रुपरावनं हातातली सब्बल खाली ठेवली.

"धरा नोझल," भैरवी म्हणाली. "तुम्हीच धरा."

पंप पुन्हा सुरू झाला. रुपरावनं आयुष्यात पुष्कळ खड्डे खोदले होते, पण एवढा हळू कोणताच नाही. मधे एकदा त्याच्या मनात आलं, पाण्याचा जोर वाढवावा, विटा लागल्या की नोझल त्यांना टेकवून धरावं आणि छाप झिजवून टाकावा. त्याची बोटं चावीपर्यंत गेलीही. मग त्यानं बोटं काढून घेतली. थकला होता तो, अठरा वर्षांचा थकवा होता.

अडीच फुटांवर डावीकडे लाल कड दिसली. पाणी विटांवरून वाहत गेलं आणि एक वीट, दुसरी, तिसरी, अशी आडवी रांग उघडी झाली. मग रांग तुटली. पुढे नुसती वाळू, आणि वाळूत काळी केबल, तिच्यावर जॉइंटचा फुगवटा. मग पलीकडे पुन्हा विटा. उचकलेल्या जागी कडा फुटतात, खापरं पडतात. इथं तसलं काही नव्हतं. कोणीतरी सवडीनं, एकेक मोजून उचलल्या होत्या.

भैरवीनं टेप लावली. "चाळीस इंच," ती पुटपुटली. "साडेचार इंचाची वीट. नऊ."

ती खड्ड्याच्या काठावर पालथी झाली आणि हात लांब करून काठाच्या विटेवरचा राहिलेला चिखल अंगठ्यानं पुसला. खळगीत पाणी साचलं होतं, ते तिनं झटकलं. पिसारा मिटलेला मोर, अगदी काल भट्टीतून निघाल्यासारखा.

पंप बंद होता. तिनं तो मोर बोटानं चाचपून पाहिला, मान, पाय, शेपटी. ते बोट तो मोर ओळखत होतं. ती उठली नाही. मातीत तोंड करूनच बोलली, आणि आवाज सात वर्षांच्या पोरीचा होता.

"दहावा कुठी गेला म्हनत होते बाबा. दहावा इथं होता, काका."

रुपरावनं नोझल खाली ठेवलं. मग त्यानं सगळं सांगितलं. सायकल, पोतं, साहेबांचा प्रश्न, त्याचं उत्तर, सकाळची खोटी फुली. सांगताना रडू येईल असं त्याला वाटलं होतं, पण आलं नाही. भैरवीनं ऐकून घेतलं. आधीचा कागद फाडला, नवा घेतला आणि उभ्या उभ्या लिहिलं: केबल चालू आहे, चाळीस इंचांत विटा नाहीत, पहिली खूण जाणूनबुजून चुकीची दिली. खाली त्याचं नाव लिहिलं.

"उद्यापासून येऊ नका," ती म्हणाली. "अन् आईले मी नाही सांगनार. तुम्ही सांगा. आजच."

* * *

दुपारी तीनला रुपराव बेशाला पोचला. पुष्पलता ओट्याच्या काठावर बसून सुपात गवारीच्या शेंगा निवडत होती. त्याला पाहून ती थोडी सरकली, एक मोर मोकळा केला.

"लवकर आले भाऊजी? बसा. तब्येत त ठीक हाय ना?"

तो बसला नाही. उभ्यानंच सांगितलं. तिनं शेंगा निवडणं थांबवलं नाही. कट, कट, शेंगांची टोकं तुटत राहिली. त्याचं बोलणं संपल्यावरही दोन-चार शेंगा झाल्या. मग हात थांबले.

"म्हंजे त्याले दिसल्याच नाही विटा," ती म्हणाली.

"नव्हत्याच वहिनी. दिसतील कशा?"

"अन् मी अठरा वर्षं शिव्या देल्या त्याले." ती स्वतःशीच बोलत होती. "रोज देल्या. सनासुदीले देल्या. पोरीसमोर देल्या. लोकायले सांगतलं, माहा नवरा मेला नाही, मस्तीत गेला."

रुपरावला काय सुचलं कोण जाणे. तो घरात गेला, कोपऱ्यातली जुनी सब्बल घेऊन आला आणि ओट्याच्या काठाला लावली. त्या विटा तिथून काढाव्या एवढंच त्याला कळत होतं.

"ठेव ते," पुष्पलता म्हणाली. अठरा वर्षांत ती त्याला पहिल्यांदा अरे-तुरे करत होती. "हात नको लावू. तवा न्याले हात शिवशिवले, आता काढाले शिवशिवून राहिले? राहू दे तिथंच. रोज उठून पाह्य त्यायच्याकडे."

शेंगांचं सूप घेऊन ती आपल्या घरात गेली आणि दार लावून घेतलं. त्या सांजेला भाजीची वाटी आली नाही.

धर्मेंद्रची तिथी त्यानंतर दोन दिवसांनी होती. दुपारी रुपराव दाराआड पाटावर बसला होता. बाहेर भांड्यांचा आवाज आला. पुष्पलतानं ओट्यावर, नेमकं मोरांवर, पान मांडलं होतं. भात, वरण, वडे, गवारीची भाजी, खीर. अठरा वर्षांतलं पहिलं पान. गल्लीतल्या बायका-माणसं जमली होती, कारण हे बघायला मिळेल असं कोणालाच वाटलं नव्हतं. समोरच्या भिंतीवर एक कावळा येऊन बसला होता.

कावळा पानाला शिवत नव्हता. लोक नेहमीसारखे म्हणत होते, मेलेल्याचं काही राहिलं असेल, बोला, कबूल करा. पुष्पलता हात जोडून बोलत होती. "चुकलं माहं जी. मी नाही त्या शिव्या देल्या तुमाले. चुकलं माहं." कावळ्यानं मान तिरपी केली, पण भिंत सोडली नाही. "पोरगी इंजिनियर झाली जी, तिची चिंता करू नका. माफ करा मले."

दाराआड रुपराव कानांवर हात ठेवून बसला होता. त्याच्या पापाची माफी ती बाई मागत होती, आणि त्याला तिथून उठवत नव्हतं.

दार वाजलं. भैरवी उंबऱ्याबाहेर उभी होती. आत आली नाही.

"बाहेर या," ती म्हणाली. "आई म्हनते, माह्यानं नाही होत. ज्याचं राहिलं त्यानंच बोलाव लागते."

रुपराव उठला. पायात चपला घालायचंही भान राहिलं नाही. तो ओट्यापाशी जाऊन उभा राहिला, पानासमोर, मोरांसमोर. ज्यांना त्याला जमिनीच्या आतलं दिसतं असं वाटायचं ती गल्लीतली सगळी माणसं बघत होती. त्यानं कावळ्याकडे पाहिलं.

"विटा मी नेल्या गा धर्मेंद्र," तो म्हणाला. "तुह्यी चूक नव्हती."

ते त्याचं त्यालाही धड ऐकू आलं नाही. मागं कोणीतरी विचारलं, "काय म्हनते?" कावळा जागचा हलला नाही. पुष्पलता जोडलेले हात तसेच ठेवून, त्याच्याकडे न बघता बोलली.

"साहेबासमोर कसा बोलला होता? तसा बोल. पुन्हा सांग, मोठ्यानं सांग."